ब्रेकवर चालणारी गाडी

सिंदी रेल्वे या आमच्या गावातल्या प्रभाकरराव उत्तरवारांच्या गाडीत मी जवळजवळ वर्षभर मागच्या सीटवर वजन म्हणून बसलो. पाहुणा म्हणून नाही, सोबत म्हणून नाही, वजन म्हणूनच. आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत आणि माझा देह त्यांच्या पसंतीला उतरला होता. ही पाळी कशी आली ते सांगायचं तर त्यांच्या डाव्या गुडघ्यापासून सुरुवात करावी लागते.

प्रभाकररावांचं बाजारात सरकी-ढेपेचं, म्हणजे जनावरांच्या खाद्याचं दुकान. उभं आयुष्य त्यांनी लुना चालवली, आणि तीही अशी, की बाजूनं पायी चालणारा माणूस त्यांच्याशी गप्पा मारत स्टेशनापर्यंत जाऊ शके. घाई हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. गिऱ्हाईक दुकानासमोर ताटकळत असलं तरी ते पान पूर्ण चावून झाल्यावरच उठत. पुढे मुलगा गजेंद्र दुकानात बसायला लागला, त्याच सुमारास यांचा डावा गुडघा आखडला. क्लच दाबणं जमणार नाही, म्हणून त्यांनी वर्ध्याच्या एका निवृत्त बँक मॅनेजरांकडून लहानशी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. क्लच नाही, गिअर बदलायची कटकट नाही. डाव्या पायाला कामच नाही.

"हा पाय आता रिटायर," असं ते मांडीवर थाप मारून सगळ्यांना सांगत.

मग चतुर्थी आली. अनुसयाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, केळझरच्या गणपतीला जायचं काढलं. अनुसयाबाईंची थोरली बहीण कोकिळाबाई त्यांच्याकडेच राहायला आली होती, तीही निघाली. अंगानं भरभक्कम, मनानं त्याहून. चौथा मी. सपाट रस्त्यावर गाडी गुमान चालली. देवळाच्या चढावर मात्र मध्यावर आली आणि थांबली. इंजिन ओरडत होतं, चाकं ऐकत नव्हती. आधी मी उतरलो, मग अनुसयाबाई, शेवटी मोठ्या नाराजीनं कोकिळाबाई. रिकामी गाडी घेऊन प्रभाकरराव वर पोचले तेव्हा आम्ही तिघं आधीच पोचून चपला काढत होतो.

पायरीजवळ एका म्हाताऱ्या बाईनं अनुसयाबाईंना विचारलं, "पायी यायचा नवस बोल्ली होती का वं?"

ती साध्या मनानं बोलली होती. पण प्रभाकररावांचा चेहरा असा उतरला, की प्रसादाचा पेढाही त्यांनी हातातच धरून ठेवला. परत येताना ते एकच वाक्य बोलले, "माह्या गाडीत बसून लोकायले पायी चालाव लागते म्हणजे काय?"

आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला जोर हवासा वाटला.

वर्ध्याला नागपूर रोडवर रामाजींचं गॅरेज आहे. रामाजी मिस्त्रींची ख्याती अशी, की त्यांनी कोणालाच कधी नाही म्हटलेलं नाही. प्रभाकररावांनी विचारलं, "याच्यात मोठं इंजिन बसते का?"

"होते," रामाजी म्हणाले.

"गाडी ऑटोमॅटिक आहे म्हटलं."

"होते."

"बोनेटमदी मावते का पण?"

रामाजींनी गाडीकडे पाहिलं, मग कोपऱ्यात पडलेल्या इंजिनाकडे पाहिलं. ते एका सात-आठ माणसं बसणाऱ्या गाडीतून काढलेलं होतं. त्या गाडीचा अपघात झाला होता. इंजिनाला मात्र ओरखडाही नव्हता. "होते," ते म्हणाले, पण या वेळी जरा थांबून.

महिनाभर गाडी तिथंच राहिली. गिअरबॉक्स जुनाच ठेवला, मधात लोखंडाची एक जाड रिंग बनवून घेतली आणि इंजिन बसलं. बोनेट मात्र लागेना. शेवटी रामाजींनी बोनेटला गोल भोक पाडलं. त्यातून इंजिनाचं डोकं वर आलं, आणि ते झाकायला काहीतरी पालथं घालणं भाग होतं. प्रभाकररावांनी घरून गंज आणला. आमच्याकडे भात शिजवायच्या मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. अनुसयाबाईंचा चांगला जाड बुडाचा गंज होता. रामाजींनी तो पालथा ठोकला आणि वरून गाडीचाच लाल रंग मारला.

"आवो, माहा गंज!" अनुसयाबाईंनी दारातूनच ओळखला.

"आता तो पार्ट आहे," प्रभाकरराव म्हणाले.

खरी गंमत पुढेच होती. ऑटोमॅटिक गाडीचा स्वभाव असा, की ब्रेकवरचा पाय काढला की ती आपसूक हळूहळू पुढे सरकते. लहान इंजिन होतं तोवर ती मुंगीसारखी सरके. हे इंजिन मात्र हळू फिरवलं की बंद पडे, म्हणून रामाजींनी त्याचा वेग वाढवून ठेवला होता. परिणाम असा, की ब्रेक सोडला की गाडी सुटलेल्या गोऱ्ह्यासारखी उधळायची.

"शेठजी, अ‍ॅक्सिलेटरकडे पाहूच नका," रामाजींनी गाडी सोपवताना सांगितलं. "पाय ब्रेकवर ठेवजा. चालवाची असन तं थोडा सोडजा."

त्या दिवसापासून प्रभाकरराव गाडी ब्रेकवर चालवू लागले. जोरात जायचं तर ब्रेक कमी, हळू जायचं तर जास्त. अ‍ॅक्सिलेटरवर जळमट धरलं. मी स्वतः पाहिलं, त्यात कोळी होता.

दुसरी अडचण वजनाची. इंजिन जड, त्यामुळे गाडीचं नाक खाली आणि मागचा भाग वर. खड्डा आला की मागची चाकं हवेत. दुकान ढेपेचं असल्यानं प्रभाकररावांनी मागे ढेपेची पोती टाकली. गाडी सरळ झाली, पण सिंदीच्या बाजारात ती थांबली की जनावरं जमू लागली. ढेपेचा वास त्यांना पुरता ओळखीचा. एकदा वर्ध्याला कापूस मार्केटजवळ एका बैलानं खिडकीतून तोंड आत घातलं आणि ते बाहेर काढायला तयार होईना. मागे आणि दोन्ही बाजूंना बैलगाड्या. प्रभाकरराव ब्रेकवर पाय ठेवून बसलेले, बैल त्यांच्या कानाशी रवंथ करतो आहे, आणि ते मला म्हणतात, "भाऊ, पोत्यापरीस माणूस बरा."

तिथून माझी भरती झाली. मी नसलो तर कोकिळाबाई यायच्या. आम्ही दोघंही मोकळे नसलो तर प्रभाकरराव बाजारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला अंदाजानं तोलायचे. पोती तोलण्यात आयुष्य गेलेलं, नजर पक्की. "चालता का वर्ध्याले?" असं त्यांनी विचारलं, की सिंदीत लोक खुश व्हायचे, न विचारलेले किडकिडीत लोक मात्र मनात खट्टू व्हायचे. आमच्या पोस्टातल्या भूपेंद्रनं तर वर्ध्याला फुकट जाता यावं म्हणून महिनाभर दोन वेळा दूध-केळी खाल्ली. तरी त्याची निवड झाली नाही.

पुन्हा चतुर्थी आली. गाडीनं केळझरचा चढ असा घेतला, की कोकिळाबाईंच्या हातातला नारळ मागच्या काचेवर जाऊन आपटला. प्रभाकररावांचं तोंड फुललं. पण वर पोचल्यावर कळलं, की गाडी बंद करता येत नाही. तापलेलं इंजिन एकदा बंद केलं की तासभर सुरू होत नसे. न्यूट्रलला टाकलं तर ते असं किंचाळे, की देवळातली घंटा ऐकू येईना. राहता राहिला ब्रेक. ते ब्रेक दाबून गाडीत बसले, आम्ही दर्शन घेऊन आलो आणि खिडकीतून त्यांना प्रसाद दिला.

"कसा होता गणपती?" त्यांनी विचारलं.

"होता तसाच हाय," कोकिळाबाई म्हणाल्या.

त्यानंतर दर चतुर्थीला ते केळझरला गेले आणि एकदाही त्यांना देव दिसला नाही. तरी कोणी विचारलं तर "चढावर एकालेबी उतराव लागत नाई" असं अभिमानानं सांगत. फक्त सतत ब्रेक दाबून त्यांचा उजवा गुडघा दुखायला लागला. डॉक्टर डावाच गुडघा तपासत राहिले आणि हे लाजेनं काही बोलेनात.

अखेर वर्ध्याला आर्वी नाक्यावर गाड्यांची तपासणी चालली होती, तिथं आम्ही सापडलो. इन्स्पेक्टर तरुण होते, साताऱ्याकडचे. नुकतेच बदलून आलेले.

"काका, बोनेटवर हे काय आहे?"

"गंज आहे, साहेब."

"गंज चढलाय ते दिसतंय मला. पण खाली आहे काय?"

"चढला नाई साहेब, बसवला. गंजच आहे तो."

"गंज कोण बसवून घेतं, काका?"

"रामाजीनं ठोकून देल्ला."

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "उतरा. मीच चालवून बघतो." गाडी न्यूट्रलला टाकून उतरता उतरता प्रभाकरराव सांगू लागले, पण साहेबांनी हातानंच त्यांना थांबवलं. ते सीटवर बसले, ब्रेक दाबून गाडी गिअरमध्ये टाकली, आणि सवयीनं ब्रेकवरचा पाय काढला.

मी मागे होतो. वजनाला कोणी उतर म्हणत नाही. गाडी उधळली ती चौकाला फेऱ्या घालू लागली. साहेब दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लोंबकळलेले. प्रभाकरराव कडेनं लंगडत पळत ओरडत होते, "ब्रेक, साहेब, ब्रेक!"

"काका, मी अ‍ॅक्सिलेटर दाबलेलाच नाही!"

"हाव, कोणीच नाई दाबत!"

साहेबांना ब्रेक सापडला तेव्हा गाडी एका पेरूवाल्याच्या हातगाडीपाशी येऊन थांबली. साहेब बराच वेळ उतरले नाहीत. मग शांत आवाजात म्हणाले, "मूळ इंजिन परत बसवा. तोवर ही गाडी मला रस्त्यावर दिसता कामा नये." आणि पेरूवाल्याकडे वळून, "पाणी आहे का?"

मोठं इंजिन निघालं, गंज घासूनपुसून घरी गेला. पण जुनं इंजिन कुठं आहे असं विचारताच रामाजी पहिल्यांदाच अडखळले. "ते तं कामाले लागलं, शेठजी."

ते सेलूच्या रस्त्यावर कवडूच्या रसवंतीत लागलं होतं. कवडू आणि त्याची बायको मीराबाई तिथं उसाचा रस काढत. आम्ही गेलो तेव्हा कडुनिंबाच्या सावलीत ते इंजिन चरक फिरवत होतं. मीराबाई उसाची मोळीच्या मोळी आत सारत होत्या आणि दुसऱ्या बाजूनं कोरडा चोथा पडत होता. इंजिन जराही कण्हत नव्हतं.

प्रभाकरराव पाहत उभे राहिले. "हे तं आपल्याले चढावर नाई नेऊ शकलं," ते हलक्या आवाजात म्हणाले. त्यांना राग आला होता की कौतुक वाटत होतं, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

"सीझन होऊ द्या शेठजी, मंग काढून घेऊन जाजा," कवडू म्हणाला. "आता काढलं तं मी काय करू?"

ते कबूल झाले. गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घालून तिथंच आणून ठेवली, म्हणजे सीझन संपला की जागीच इंजिन बसवता येईल. तोवर इंजिन नीट आहे ना, हे पाहायला ते रोज एसटीनं जाऊ लागले. गेले की बसत. मीराबाई आलं-लिंबू टाकून बिनबर्फाचा रस देत. हळूहळू इंजिनाच्या आवाजावरून ते सांगू लागले, की आता ऊस कमी टाका, आता पाणी घाला. रोज बसून बसून दोन्ही गुडघ्यांना आराम पडला. गिऱ्हाईक वाढलं तशी बसायला जागा पुरेना, म्हणून कवडूनं भीतभीत विचारलं, गाडीत लोक बसवले तर चालेल का.

सीझन संपला, पावसाळा गेला, नवा ऊस आला. इंजिन काढायचा विषय कोणी काढला नाही. गाडी आता रसवंतीची फॅमिली रूम आहे. चारी काचा खाली, डॅशबोर्डवर ग्लास ठेवायची सोय, मागच्या सीटवर बायाबापड्या आणि पोरं. गजेंद्र कधी चिडून म्हणतो, "बाबा, भंगारात तरी देऊन टाका." ते फडकं घेऊन डॅशबोर्ड पुसायला लागतात.

परवा मी गेलो तेव्हा नागपूरकडचं एक कुटुंब आत बसलं होतं. त्यातल्या माणसानं स्टिअरिंग फिरवून पाहिलं आणि विचारलं, "काका, चलती है क्या ये?"

प्रभाकररावांनी त्याच्या हातात रसाचा ग्लास दिला. "चलके कहाँ जाना है?" ते म्हणाले. "पहले रस पियो. और जाते टाईम दरवाजा धीरे लगाना."