हिंगण्यात औषध चालत नाही

पेशंटची माहिती गोळा करायला बसलं की माहिती अर्धीमुर्धी मिळते, किस्से मात्र भरपूर जमतात. रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं बसतो. कॅन्सरचे डॉक्टर, ज्यांना सगळे सर म्हणतात. पेशंटना फोन करणाऱ्या मेश्राम सिस्टर. आणि कॉम्प्युटरवाला मी. पेशीच्या आत कोणतं प्रथिन कोणाला चालना देतं, कोणाला अडवतं, याचा मोठा नकाशा आम्ही कॉम्प्युटरमध्ये मांडलाय. त्यात पेशंटचे रिपोर्ट घातले की कोणतं औषध चालेल याचा अंदाज मिळतो. त्याला आम्ही मॉडेल म्हणतो.

*

मॉडेल नवीन होतं तेव्हा सरांनी गंमत म्हणून स्वतःचेच रिपोर्ट त्यात घातले. सर ठणठणीत. पण मॉडेलने निरोगी माणूस कधी पाहिलेलाच नव्हता. उत्तर आलं, औषधाला उत्तम प्रतिसाद मिळेल! सर दिवसभर खुशीत होते.

*

सर पेशंटना समजावताना रस्त्यांचं उदाहरण द्यायचे. एका औषधाने एक रस्ता बंद केला की पेशी दुसऱ्या गल्लीतून वाट काढते. जरीपटक्यात कापडाचं दुकान असलेल्या एका मावशींनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"डॉक्टरसाहेब, आमच्या बाजारात रविवारी सगळेच रस्ते जाम राहतात. गिऱ्हाईक तरी येतेच."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला नकाशात आणखी गल्ल्या शोधायला लावल्या. चार सापडल्या.

*

गजाननभाऊ हिंगण्याच्या एका कारखान्यात लेथ चालवतात. त्यांना कॅन्सरच्या गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. मॉडेल म्हणालं, गोळी चालणार नाही. दुसरा पर्याय सलाईनमधून द्यायच्या औषधाचा होता, पण त्याने बोटं बधिर होऊ शकतात. सरांनी तसं स्पष्ट सांगितलं. बोटं गेली की लेथ गेलं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"साहेब, तुमच्या मशीनचं माप किती चुकते? माह्या लेथवर केसाएवढं चुकलं तं माल वापस येते."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. तपासून सांगतो, मी म्हणालो. शेवटी सरांनी गजाननभाऊंना शुक्रवारी निर्णयासाठी बोलावलं.

*

त्या आठवड्यात मी सगळा डेटा पुन्हा उघडला. हिंगण्याचा पत्ता असलेला जवळजवळ प्रत्येक पेशंट मॉडेलने नापास केला होता. आता कॅन्सरच्या पेशीला पत्ता कुठून कळणार? औषध चाललं का ते विचारायला सिस्टर सकाळी अकराला फोन करायच्या. तीनदा उचलला नाही की रजिस्टरमध्ये 'संपर्क नाही' लिहायच्या. आणि ते सगळे मी बेधडक 'औषध चाललं नाही' मध्ये टाकले होते; पत्त्यासकट तेच मॉडेल शिकलं होतं. हे लोक फोन का उचलत नाहीत, असं मी सिस्टरना विचारलं. त्यांचा भाऊ तिकडेच कामाला.

"दादा, तिकडं कारखान्यांच्या गेटवर मोबाइल जमा करून घेतात. शिफ्ट सुटेपर्यंत फोन वॉचमनच्या डब्यात वाजून राहते."

सिस्टरनी मग संध्याकाळी फोन लावले. दोन घरांतून वाईट बातमी आली. बाकीचे सगळे कंपनीच्या बसमधून बोलत होते, आणि त्यांची तब्येत चांगली होती. डेटा दुरुस्त केल्यावर मॉडेलने मत बदललं. गोळी चालू शकते. शुक्रवारी सरांनी गजाननभाऊंना चूक सांगितली, ती कोणाची हेही सांगितलं आणि गोळी तशीच ठेवली. मला फार लाज वाटली.

*

तीन महिन्यांनी गजाननभाऊ नवा स्कॅन घेऊन आले. सरांनी जुनी आणि नवी फिल्म शेजारी लावली. गाठ निम्म्याने कमी झालेली नुसत्या डोळ्यांना दिसत होती. पण गजाननभाऊंनी सरांना बोलू दिलं नाही. त्यांनी खिशातून व्हर्नियर काढला, कारखान्यात जाडी मोजायचा. फिल्मवरचं माप खऱ्या गाठीएवढं नसतं, हे मला माहीत होतं. तरी मी बाजूला सरकून त्यांना जागा करून दिली.

जुन्या फिल्मवर त्यांनी गाठ मोजली, आकडा पुटपुटला. नव्या फिल्मवर व्हर्नियर लावला, काढला, पुन्हा लावला. मग तो सरांपुढे धरला.

"साहेब, तुम्हीच मोजा. आज माह्या मापावर माहाच भरोसा नाही."