दोन अंतर्मुख आणि एक गणपती

मानसशास्त्राच्या पहिल्याच सहामाहीत मी घरातल्या सगळ्यांच्या स्वभावांचं वर्गीकरण उरकलं. (कुणी मागितलं नव्हतं.) काका बहिर्मुख, बाबा आणि मी अंतर्मुख, आई वर्गीकरणाच्या विरोधात.

दरवर्षी पेणहून गणपती आणायचं काम काकांचं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते जायचे आणि मूर्तिकारांच्या कारखान्यात गप्पा हाणत बसायचे. मी जेवताना जाहीर केलं, "बहिर्मुखांचं लक्ष विखुरतं. अंतर्मुख माणूस बारकाईने बघतो."

काका बाबांकडे बोट दाखवत म्हणाले, "मग तू नि दादा जा गो! मला तशी कंपनीत फर्स्ट शिफ्ट हाय."

सकाळीच आम्ही दोघे रोह्याहून टेम्पोने पेणला पोचलो. कारखान्यात ही गर्दी! नाव घातलेला आमचा पाट आधीच तिथे दिलेला. त्यावर मूर्ती तयार असणार. फक्त मागायची होती.

"तू विचार," बाबा पुटपुटले.

"तुम्ही मोठे आहात."

तेवढ्यात मूर्तिकार आमच्याकडे बघून गरजले, "खांबवाले पाटील ना तुम्ही?"

सगळा कारखाना वळून बघायला लागला! खांब हे रोह्याजवळचं गाव, आम्ही तिथले नव्हेच. पण 'नाही' म्हटलं तर पुढे आणखी बोलावं लागणार. बाबांनी मान डोलावली. त्यांना काहीतरी माहीत असेल म्हणून मीही डोलावली!

तोंडावर रुमाल टाकलेली मूर्ती टेम्पोत आली. मूर्तिकारांच्या चष्म्याचा दोरा, त्यांच्या कानाला लागलेला गुलाबी रंग, सगळं मी टिपलं. पाटावरचं नाव तेवढं सोडून. (याला निवडक लक्ष म्हणतात. त्या धड्यात मला पैकीच्या पैकी होते.)

घरी आईने रुमाल उचलला आणि ती किंचाळली, "अहो, उजव्या सोंडेचा! याचं सोवळं किती कडक! तुम्ही तर आंघोळीआधी चहा पिता! उद्या पूजा, आपला गणपती कुठाय?"

"पेणलाच," पाटावरचं 'पाटील, खांब' वाचत मी म्हणाले.

शिफ्टवरून आलेले काका मूर्तीसकट तसेच पेणला धावले. दिवेलागणीला आमचा गणपती घेऊन परतले. "पाटील आपल्या मूर्तीजवळ ठाण मांडून बसलेला! भला माणूस हाय. त्यानं आपल्या सगळ्यांना जेवायला बोलवलाय."

पुढच्या वर्षी मला सुधारणेसाठी काकांबरोबर धाडलं. मूर्तिकारांनी माझ्या दिशेने बघत विचारलं, "खांबवाले पाटील ना?"

वर्षभर साठवलेलं धैर्य एकवटून मी ओरडले, "नाही! आम्ही रोह्याचे! तो गणपती आमचा नाही!"

पाठीमागून शांत आवाज आला, "व्हय गो ताई, ठाव हाय. ते मलाच इचारतायत."