शैक्षणिक साहित्य, नग एक

आमचे चाचा अरबी शिकवत, पण अर्थ कधीच सांगत नसत. मूळचे पूर्णगडचे. बावीस वर्षं कुवेतला एका घरात स्वयंपाकी होते. परतल्यावर रत्नागिरीत आमच्या संस्थेत, आखातात नोकरीला निघालेल्या पोरापोरींना हौसेनं शिकवू लागले. पैसे घेत नसत, त्यामुळे हजेरीपटावरही नसत. मी तिथला कारकून. पहिल्याच दिवशी पिशवीतून बांगडा काढून ते विचारायचे, "बिकम?" कुणी म्हणालं, "म्हणजे काय, चाचा?" की ओरडायचे, "अरे मेल्या, अर्थ कशाला हवाय? भाव सांग!" महिनाभरात पोरं अरबीत घासाघीस करायची.

तपासणीला समिती आली तेव्हा चाचा बाकावर आडवे होऊन कण्हत होते. देवरूखची एक मुलगी नर्स म्हणून मस्कतला निघाली होती. ती त्यांना कुठे दुखतंय ते अरबीत विचारत होती. चाचा आजारात इतके रंगले होते की समितीला सलाम करायलाही उठले नाहीत. अहवाल आला : शिक्षक वर्गात झोपतात. चाचांचा वर्ग गेला.

मग पुण्याहून तज्ज्ञ आले. त्यांनी पडद्यावर आधुनिक पद्धत समजावली. भाषांतर करू नये, वस्तू हातात द्यावी, दुकानदार-गिऱ्हाईक, नर्स-रोगी असे प्रसंग वठवावेत. समितीनं माना डोलावल्या. प्लास्टिकचे मासे मागवले गेले. अडचण एकच, तज्ज्ञांचं अरबी छापील होतं. बाजारात बोलतात तसं बोलणारा माणूस हवा होता, आणि असा माणूस आमच्या माहितीत एकच.

चाचा दर शनिवारी येऊ लागले. सांगतील तिथं उभे राहायचे. प्रमाणपत्राअभावी त्यांना शिक्षक म्हणता येईना, तेव्हा साहेबांच्या हुकमानं मी त्यांना साहित्याच्या नोंदवहीत चढवलं, प्लास्टिकच्या माशांखाली. लाज वाटली, म्हणून त्यांना दाखवलं. चष्मा लावून त्यांनी वाचलं आणि हसले. "माशाखाली तर माशाखाली. पन वर्गात हाय ना?" मग चष्मा काढून खिशात ठेवत म्हणाले, "हजेरीपटावर एकदा नाव लागला असता, तर घरी दाखवला असता."

गेल्या वर्षी चाचा गेले. साहेब म्हणाले, "साहित्याच्या वहीतून तेवढं नाव कमी करा."

केलं. मग हजेरीपट ओढला आणि शिक्षकांच्या यादीत, तज्ज्ञांच्याही वर, त्यांचं नाव लिहिलं. साहेबांना काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. पुढचा सहीचा रकाना कोराच राहिला. इतकी वर्षं त्यांनी शिकवलं, पण त्यांची सही आम्ही एकदाही घेतली नव्हती.