दोराच्या टोकाची गाठ

मला स्वस्थ बसता येत नाही. टीव्हीसमोर बसले तरी बोटं काहीतरी उसवत नाहीतर गुंडाळत असतात. आई वैतागून म्हणायची, हिच्या हातात मुंग्या आहेत. लग्न झाल्यावर या मुंग्यांना एक काम मिळालं. नवऱ्याच्या दोरांची टोकं माझ्याकडे आली.

नवरा सोसायट्यांमधली झाडं छाटतो. वाळकी फांदी गाडीवर लोंबायला लागली की लोकांना आमची आठवण येते. तो वर चढतो आणि खाली एक काका फांद्या ओढतात. काका नात्यातले नाहीत, पण इतकी वर्षं बरोबर आहेत की आता घरचेच झालेत. आमची खोली विचुंबे गावात. तिथून रोज सकाळी स्कूटरवर दोर, पट्टा, करवत आणि मागे काका, अशी वरात निघते.

नायलॉनचा दोर कापला की टोक लगेच पिंजारतं. वरची साल मागे सरते, आतला गाभा बाहेर येतो आणि बघता बघता हातभर दोर वाया जातो. माझे वडील उरणच्या खाडीत होडी घालायचे. टोक कसं सांभाळायचं ते त्यांनी मला शिकवलं. आधी मेणबत्तीवर जाळायचं आणि ओल्या फडक्याने दाबायचं. चुकून बोट लागलं तर कातडी गेलीच म्हणून समजा. मग मेण लावलेल्या लाल दोऱ्याचे वीसेक वेढे, ओठ चावून ओढत ओढत द्यायचे आणि दोऱ्याचं शेवटचं टोक त्याच वेढ्यांखाली दडवायचं. नवरा आधी नुसती चिकटपट्टी गुंडाळायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, "हे काय, दोराचं बोट कापलंय वाटतं?" दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सगळे दोर गुपचूप माझ्यापुढे आणून टाकले.

टोक झालं की त्याच्या वर वीतभर जागा सोडून मी एक मोठी गाठ मारते. ती शोभेची नाही. चढणाऱ्याचा दोर वरच्या फांदीवरून जातो. एक बाजू कमरेच्या पट्ट्याला बांधलेली असते आणि दुसरी खाली लोंबत असते. त्या लोंबत्या बाजूवर पट्ट्यालाच जोडलेली एक सरकती गाठ असते. ती हाताने सैल करत करत माणूस खाली येतो, हात काढला की ती आवळून धरते. झाड उंच असेल तर दोर जमिनीला टेकत नाही, टोक हवेतच राहतं. टोकाला गाठ असेल तर सरकती गाठ तिथे येऊन अडते. नसेल तर दोर सुळकन निघून जातो आणि माणूस आपटतो. एवढंच आहे, पण एवढ्यावर माझा सगळा संसार लटकलेला आहे.

यंदाच्या दसऱ्याला मी अंगात आल्यासारखी कामाला लागले. हत्यारांची पूजा होती. करवती घासल्या, पट्टा पुसला आणि मोठा दोर साबणाच्या पाण्यात बुडवला. गाठीत मळ आणि साबण अडकून राहतो, म्हणून ती सोडली. जुना दोरा काढून नवा लाल दोरा गुंडाळला. वाळल्यावर वेटोळं पाटावर ठेवलं तर काय छान बसलं! गाठ असली की ते नेहमी एका बाजूला फेंगडं व्हायचं. म्हटलं, राहू दे, पूजा झाली की मारू. टोकावर हळदकुंकू वाहिलं आणि त्याच लाल दोऱ्याने एक झेंडूचं फूल बांधलं. पूजलेल्या हत्याराला दसऱ्याभर हात लावत नाहीत, म्हणून गाठ सकाळवर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीला गेले होते तेवढ्यात नवरा दोर घेऊन निघून गेला.

साडेनऊच्या सुमारास परकर वाळत घालायला घेतला, तर नाडी नेफ्यात शिरलेली. वैताग नुसता! नाडीच्या टोकाची गाठ सुटली की असंच होतं. सेफ्टी पिन शोधत पुटपुटत होते, "गाठ मारायला काय होतं गं तुला, गाठ मारायला..."

आणि आठवलं, दोराच्या टोकाला गाठ मारलीच नव्हती.

फोन लावला. चढताना तो फोन स्कूटरच्या डिकीत टाकतो, हे माहीत असूनही सात वेळा लावला. काकांचा फोन बंद. पायात एक चप्पल माझी, एक त्याची, तशीच रस्त्यावर धावले आणि रिक्षा पकडली. "खांदा कॉलनी, लवकर!" रिक्षावाला पुलावर ट्रकच्या मागे आरामात चालला होता.

"अहो, हाणा ना जरा!"

"ताई, उडवू का रिक्षा?"

मी त्याला काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याची काही चूक नव्हती. चूक माझी होती आणि ती मला बसू देत नव्हती. मी सीटच्या कडेवर बसून पुढची दांडी घट्ट धरली होती. विधवा झाले तर दोर पोलीस नेतील, त्यावर माझा लाल दोरा असेल, असले विचार येत होते. देवालाही शिव्या दिल्या. काल तुलाच सजवत बसले ना रे, म्हटलं.

सोसायटीच्या गेटवर वॉचमनने वही पुढे केली. "मॅडम, पहले एंट्री." मी हातातलं कापड त्याच्या वहीवर आपटलं आणि आत पळाले. नंतर कळलं की तो परकर होता.

पार्किंगच्या मागे विलायती शिरीषाचं अवाढव्य झाड. काम आटोपलं होतं, काका फांद्यांची मोळी बांधत होते. नवरा उतरायला लागला होता. दोर खालच्या पालवीत शिरला होता. त्याचं टोक शोधत माझे डोळे वर-खाली धावत होते.

"अहो!" मी किंचाळले.

त्याने खाली पाहिलं. मी, भर सकाळी, केस विंचरलेले नाहीत, पायात दोन तऱ्हेच्या चपला. त्याला वाटलं, घरी कोणीतरी गेलं. आणि तो भराभर उतरायला लागला! माझ्या आवाजाने तो जास्तच घाई करत होता. मला रडू फुटलं, तोंडातून शब्द निघेना. मग पालवीखाली केशरी काहीतरी दिसलं. झेंडूचं फूल. जमिनीपासून चांगलं दोन माणसं उंच, हवेत झुलत होतं. मी त्याच्याकडे न बघता फक्त त्या फुलाकडे बोट केलं, दोन्ही हातांनी.

त्याने पायाखाली वाकून पाहिलं. फूल त्याच्या हातापासून फार तर हातभर खाली होतं.

तो थांबला. सरकत्या गाठीवरचा हात काढला. कमरेचा छोटा पट्टा बाजूच्या फांदीला अडकवला आणि तसाच लटकत बसला. काकांनी धावत जाऊन शिडी आणली. जमिनीवर आल्यावर तो बुंध्याला टेकून बसला. मी त्याच्या पाठीत दोन बुक्के घातले आणि मग तिथेच बसून रडले.

"बघितलं नाही का निघताना?" मी ओरडले.

"बघितलं."

"मग?"

"कुंकू ताजं व्हतं. फूल व्हतं. म्हटलं, झाडाखाली गेल्यावर मारू. आता लगेच कशाला मोडायची पूजा." मग हळूच म्हणाला, "इसरलो."

काका म्हणाले, "दोघंबी येकाच माळंचं मणी." कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघायच्या आधी स्वयंपाकघरात आला आणि दोराचं टोक माझ्या मांडीवर ठेवलं. फूल सुकलं होतं, कुंकू तसंच होतं.

"बांध."

"मी नाही. तुम्हीच बांधा आता. माझ्या हातावर कसला भरवसा?"

"मी बांधीन नि परत इसरीन," तो म्हणाला. "तू आता मरेपर्यंत इसरनार नाय."

गाठ माझ्याकडून दोनदा चुकली. तो दारात चपला घालून उभा राहिला. घाई कर म्हणाला नाही. तिसऱ्यांदा बसली, तेव्हा त्याने ती ओढून पाहिली आणि मग मीही ओढून पाहिली.