पाणी आलं की लॉगिन तुटायचं

दुष्काळाच्या वर्षांत मी शहराबाहेरच्या शेंद्र्याच्या ऑफिसातून शहरात, सिडकोतल्या घरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करून काम करायचो. ते मधूनच तुटायचं. फायरवॉल तपासली, पोर्ट बदलला, लॉगिनची सर्व्हिस पुन्हा टाकली. काही उपयोग नाही. डोकं फिरलं होतं.

मग एका रविवारी माझ्यासमोरच नळाला पाणी आलं. आईनं शांतपणे कॉम्प्युटरची पिन उपसली आणि त्याच प्लगात पाण्याची मोटार लावली.

"तुझं ते रोजच चालतं," ती म्हणाली. "पाणी रोज येतं का?"

मी चिडून नवा प्लग बसवायला निघालो. पण ऑफिसातला मित्र आमच्याच गल्लीत राहायचा. तो म्हणाला, "राहू दे ना भाऊ. तुझं तुटलं की आपल्याला कळंल, पाणी आलं."

प्लग बसवलाच नाही. लॉगिन तुटलं की तो त्याच्या घरी फोन लावायचा आणि मी आईला विचारायचो, "भरलं का?"

आता शहर पार शेंद्र्यापर्यंत आलंय. माझ्या फ्लॅटला मोठी टाकी आहे. लॉगिन महिनोन्महिने तुटत नाही. तुटलं तरी घरी फोन उचलायला कुणी नाही.