मोकळेराव आणि बुधवारची दाढी

रविवारी चर्चमधली उपासना संपली की अर्धी मंडळी तडक केस कापायला यायची, म्हणून पाळकसाहेबांचा संदेश अर्ध्यावर आला की न्हावी मागच्या दाराने सटकायचा. बावीस वर्षांत त्याने एकही संदेश शेवटपर्यंत ऐकला नव्हता. तरी धर्मावर त्याची जीभ अखंड चालायची. गळ्यावर वस्तरा असताना गिऱ्हाईक वाद घालणार कसा?

एका रविवारी पाळकसाहेब म्हणाले, ख्रिस्ताने आपल्याला मोकळं केलंय, नियमांच्या जोखडात पुन्हा मान अडकवू नका. मग "पण" म्हणून ते घोटभर पाणी प्यायले. तेवढ्यात न्हाव्याने दार गाठलं.

पडत्या फळाची आज्ञाच ती! दुसऱ्या दिवसापासून दुकान अकराला उघडू लागलं. डॉक्टरांनी बंद केलेली साखर चहात दोन-दोन चमचे पडू लागली. कुणी काही बोललं की, "मी आता नियमाखाली नाही." गिऱ्हाइकांनी त्याचं नावच ठेवलं, मोकळेराव. गृहस्थाला तो मान वाटला.

दर बुधवारी तो दोन गल्ल्यांपलीकडे थोरल्या भावाकडे जाऊन वडिलांची दाढी करायचा. म्हातारा स्वतः जुना न्हावी, उजवा हात लुळा पडल्यापासून अंथरुणावर. जन्मात कधी खुंट वाढवून चारचौघांत गेला नव्हता, आणि धाकट्याशिवाय कुणाच्या वस्तऱ्यापुढे मान उचलायला तयार नव्हता.

"बुधवार म्हणजे नियमच की गं," मोकळेराव बायकोला म्हणाला. "आता मनापासून वाटेल तेव्हा जाईन. जुलमाची सेवा देवालाही नको."

"म्हणजे मालक बदलला, एवढंच. आधी नियम, आता मर्जी," बायको म्हणाली. ती संदेश पूर्ण ऐकायची. "साहेब पुढे म्हणाले, हात मोकळे केलेत ते एकमेकांच्या उपयोगी पडायला."

"पुढचं तुम्हा बसून राहणाऱ्यांसाठी असतं."

त्याचं मन मोठं प्रामाणिक. बुधवारी सकाळी झोप हवी असायची आणि ते तसं स्पष्ट सांगायचं. वहिनीचे तीन निरोप आले. पाच बुधवार गेले. अखेर एका शुक्रवारी मोकळेरावांना मनापासून वाटलं, कारण पावसामुळे दुकानात चिटपाखरू नव्हतं.

म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता. वहिनीने दिराला स्वयंपाकघरात बोलावलं.

"काल मामंजींचे मित्र आले होते, शाळेपासूनचे. मुलीकडे चाललेत परदेशात, कायमचे. जाण्याआधी एकदा भेटावं म्हणून आले. मामंजी मला म्हणाले, झोपलोय म्हणून सांग, असल्या तोंडाने मी कुणासमोर येणार नाही. ते बिचारे बाहेर तासभर बसून होते, उठतील म्हणून. आणि मामंजी आत टक्क जागे."

"मग आज बोलावू ना त्यांना! आत्ता करतो दाढी."

"सकाळीच विमान होतं त्यांचं."

एवढी लाज मोकळेरावाला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. बाहेर येऊन त्याने फेस केला, पाच आठवड्यांची दाढी आधी कात्रीने उतरवली आणि वस्तरा हातात घेतला. घाईघाईने तो गालावरून फिरवू लागला.

"सावकाश कर," म्हातारा डोळे मिटून म्हणाला. "आता कुणी यायचं नाहीये."