अण्णांसाठी केलेली प्लायवूडची जमीन

मंडळी, आज दुपारी मी माझ्याच हाताने बसवलेली जमीन उखडली.

पक्षाघातानंतर वडील, म्हणजे अण्णा, गुळगुळीत लादीवर पाय टाकायला घाबरायचे. लाकडी फ्लोअरिंग परवडत नव्हतं. म्हणून बेलापूरच्या आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत मी प्लायवूडच्या पट्ट्या कापून, घासून चिकटवल्या. अण्णा रोज खिडकीपर्यंत चालायला लागले.

पण खालून ओल आली, पट्ट्या फुगल्या. आज सकाळी वर आलेल्या एका कडेला अडखळून अण्णा पडले. लागलं फार नाही.

"पुन्हा नीट बसवतो," मी म्हणालो.

"नको रे. मी पलंगावरच बरा," म्हणत त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं.

ओलीवर उपाय तुम्हाला विचारायला सायबर कॅफेत आलो होतो. पण अण्णा उठणारच नसतील, तर जमीन कुणासाठी करू?